रोपांवरची मच्छरदाणी

आरोग्य केंद्रातून आमच्या सायखेड्याच्या मळ्यात औषध लावलेली मच्छरदाणी आली आणि अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तिच्यावर डोळा पडला. त्यांनी ती ताणून पाहिली आणि सरळ टोमॅटोच्या रोपांवर पांघरली.

आई भडकली. "माणसं उघडी झोपायची अन् रोपं मच्छरदाणीत?"

"रोपाला कीड लागली तर खायचं काय? डास चावून कोणी मरत नाय."

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. अण्णा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाणी भरायला जायचे. मलेरियाचा मेला डास नेमका तेव्हाच निघतो, गाव गाढ झोपल्यावर, आणि कानाशी फारशी गुणगुणही करत नाही. सकाळी अण्णांच्या पिंढऱ्या लाल पुळ्यांनी भरलेल्या असायच्या. ते चुना लावायचे आणि विषय संपवायचे.

मग त्यांना हुडहुडी भरली. घरातल्या सगळ्या गोधड्या अंगावर घातल्या, तरी बाज खडखडत होती. अण्णांनी मला हाक मारली, "ये, पड माझ्यावर. दाब."

मी तेव्हा चौथीत होते. अण्णांनी कधी जवळ घेतल्याचं मला आठवत नाही. प्रेमबीम त्यांना जमायचंच नाही. मी गोधड्यांवर पालथी पडले. त्यांचा थरकाप माझ्या पोटापर्यंत पोचत होता.

"आजून दाब," ते म्हणायचे. अण्णा मरतील म्हणून मी घाबरले होते, पण खरं सांगते, मला तिथून उठायचं नव्हतं.

गोळ्यांनी ताप उतरला. अण्णांनी रोपांवरची मच्छरदाणी काढून आईच्या न् माझ्या बाजेवर बांधली आणि स्वतः पुन्हा पाणी भरायला गेले. मला परत काही त्यांनी जवळ बोलावलं नाही.

आता नाशिकच्या माझ्या फ्लॅटमध्ये खिडक्यांना जाळ्या आहेत, डास औषधालाही सापडत नाही. तरी रात्री जाग येते आणि अण्णा हवेसे वाटतात. त्या गोधड्यांच्या ढिगाऱ्याखाली थरथरणारे, मला हाक मारणारे.

गेल्या वर्षी दवाखान्यात, शेवटच्या दुखण्यात, त्यांना अशीच थंडी वाजत होती. मी चाळिशीची बाई, चप्पल काढून पलंगावर चढले आणि त्यांच्या पांघरुणावर आडवी झाले. नर्सबाई ओरडल्या, "अहो ताई, उतरा आधी!"

मी उतरले. ऑक्सिजनच्या मास्कच्या आत अण्णांचे ओठ हलले. ऐकू काहीच आलं नाही, पण ते काय म्हणाले हे मला कोणी सांगायला नको.