आईचा कान आणि कैरीचं लोणचं

आईचं कानाचं दुखणं आम्ही बरेच दिवस मेडिकलमधल्या थेंबांवर काढलं. मधुमेहाच्या माणसाचा कान इतका हलक्यात घेऊ नये, हे तिचं तोंड वाकडं झाल्यावर कळलं. संसर्ग कानामागच्या हाडात उतरला होता आणि चेहऱ्याची नस त्यात सापडली होती. ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून पाणी गळायचं, शब्द फसफसायचे. आई हनुवटीखाली नॅपकिन धरून एकटीच जेवू लागली. शेजारणी आल्या की झोपेचं सोंग. दिवसभर बोलणारी माझी आई बोलेनाशी झाली, ते मला कानापेक्षा जास्त लागलं.

अँटिबायोटिकची इंजेक्शनं बरेच आठवडे चालणार होती, जोडीला संसर्ग लवकर हटावा म्हणून दाबाखालच्या प्राणवायूचं चेंबर. तोंड पूर्ववत होईल का, यावर डॉक्टर फक्त "बघू" म्हणाले.

देवळाली कॅम्पहून आम्ही रोज रिक्षानं नाशिकला जायचो. चेंबर म्हणजे पारदर्शक मोठी नळी, आत आडवं व्हायचं. आगीच्या भीतीनं अंगावर फक्त सुती कपडे आणि डोक्याला तेल नाही. बिनतेलाच्या डोक्यानं चारचौघांत जायचं, याचा आईला भारी राग. आत दाब वाढला की कसारा घाटात बसतात तसे कानाला दडे बसतात, म्हणून सारखा आवंढा गिळायचा. आई घाबरून गिळायचंच विसरायची.

"तुम्ही बोला त्यांच्याशी," यंत्रावरच्या ताई म्हणाल्या आणि माईक माझ्यापुढे सरकवला.

तिच्या तोंडाला पाणी सुटावं म्हणून मी कैरीच्या लोणच्याचा विषय काढला. फोडी, मीठ, मोहरीची डाळ. आईचा गळा हलला. मग रोज तेच सुरू झालं. एकदा मी म्हणाले, "आणि वरून कडकडीत फोडणी ओतायची."

आतून आवाज आला, फसफसत, पण आईचाच. "गार करून ओत. फोडी मऊ पडतील."

मला रडू आलं. त्यानंतर मी मुद्दाम चुकत गेले, बेसनाच्या लाडवापासून पुरणापर्यंत, आणि ती वैतागून दुरुस्त करत गेली.

इंजेक्शनं संपली, कान बरा झाला. डावा डोळा अजून सावकाश मिटतो. कान बरा झाला त्या सुमारास एका दुपारी आईनं माठातून पाणी घेतलं आणि माझ्यासमोर उभ्यानंच प्यायली. नॅपकिन खुर्चीवर पडलेला होता.

"काय बघतेस? पाणी पितेय," ती म्हणाली.