वसंताने बसवलेला ड्रम

वसंता गेल्याचा फोन आला तेव्हा मी सकाळच्या गोळ्या हातावर काढून घेत होतो. फोनवर सुनंदावहिनी, त्याची बायको. आवाज अगदी शांत. म्हणाल्या, "भावजी, हे गेले. चहा पिऊन पेपर घेऊन बसले होते. मी दुसरा कप घेऊन आले, तर..." अंधेरीहून मुलुंडला त्यांच्या घरी पोहोचेपर्यंत रिक्षात माझ्या मनात काय चाललं होतं, ते आज कबूल करतो. दुःख होतंच. पण त्याच्याही आधी, क्षणभर का होईना, मला त्याचा हेवा वाटला. माझ्या छातीत दोन स्टेंट, रक्तात साखर, गुडघे कामातून गेलेले, डॉक्टर दर तीन महिन्यांनी रिपोर्ट बघून मान हलवतात. आणि हा पठ्ठ्या अडुसष्टाव्या वर्षी, एक दिवस अंथरूण न धरता, कुणाकडे पेलाभर पाणी न मागता, पेपर वाचता वाचता चालता झाला. मरण यावं तर असं, असं तिथे जमलेला जो तो म्हणत होता. म्हणजे यातही पहिला नंबर त्याचाच.

ही आमची पन्नास वर्षांची रड आहे. म्हणजे माझी, त्याला बहुतेक तिचा पत्ताच नव्हता. दोघेही कोकणातले, दोघांचेही वडील गिरणीत. अठराव्या वर्षी अंधेरीतल्या एका कारखान्यात आम्ही एकाच दिवशी अप्रेंटिस म्हणून लागलो. तिथल्या मास्तरांनी पहिल्या आठवड्यात दोघांना लोखंडाचा एकेक ओबडधोबड तुकडा दिला आणि कानशीने घासून चोख चौकोनी करायला सांगितलं. मी मान वर न करता तीन दिवस घासत होतो, दर दहा मिनिटांनी गुण्या लावून काटकोन बघत होतो. वसंता शेजारच्या बाकावर मालवणीत गजाली सांगत, लोकांना हसवत, मधूनच कानस फिरवायचा. दोन दिवसांत त्याचा तुकडा तयार. मास्तरांनी दोन्ही तुकडे उजेडात धरले आणि म्हणाले, "श्रीधरचा बरोबर आहे. वसंताचा सुंदर आहे." एवढंच. पण पुढे आयुष्यभर मी बरोबर राहिलो आणि तो सुंदर, आणि ही गोष्ट माझ्या घशात काट्यासारखी अडकून राहिली.

पुढे तो कारखाना बंद पडला. मी मेव्हण्याच्या मदतीने अंधेरीतच गाळा घेऊन छोटं वर्कशॉप टाकलं, दोन लेथ आणि एक जुनं शेपर मशीन. वसंताला मीच बोलावलं, कारण त्याच्याशिवाय धंदा चालणार नाही हे मला कळत होतं. पाटीवर नाव माझं, खुर्ची माझी, आणि गिऱ्हाईक आत आलं की पहिला प्रश्न, "वसंतभाई आहेत का?" मी समोर बसलेलो असायचो. घरीही तीच तऱ्हा. मिक्सर बिघडला की बायको म्हणायची, तुम्ही हात लावू नका, भावजींना दाखवा. माझी मुलगी लहानपणी आपल्या सायकलची चेनसुद्धा माझ्याकडून बसवून घ्यायची नाही. वसंताकाकाने बसवली की पडत नाही म्हणे. बरं, माणूस जरा तोऱ्यात वागला असता, चार चौघांत फुशारकी मारली असती, तर मला त्याचा छान मनापासून राग तरी करता आला असता. तीही सोय त्याने ठेवली नाही.

या सगळ्याचा कळस म्हणजे फिलूबायचा ट्रॅक्टर. गोराईला खाडीपलीकडे फिलोमिनाबायची भाजीची वाडी आहे, थोडे नारळ आहेत. सगळं गाव त्यांना फिलूबाय म्हणतं, आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्यांचे यजमान बोटीवर होते. त्यांनी कधीकाळी एका साहेबाचा बंगला रिकामा होताना तिथला बागेचा छोटा ट्रॅक्टर उचलून आणला होता. लाल रंगाचा, परदेशी, आमच्यापेक्षा थोडाच लहान. यजमान वारल्यावरही बाय तो स्वतः चालवत, मागे छोटी ट्रॉली लावून वाडीतला माल उतारावरून खाली रस्त्यापर्यंत आणत. अकरा वर्षांपूर्वी त्याचा ब्रेक ड्रम सैल झाला. मागच्या शाफ्टवर लोखंडी ड्रम, त्याच्याभोवती पट्टा, पट्टा आवळला की गाडी थांबते, असा साधा कारभार. ड्रम आणि शाफ्ट दोघांनी मिळून फिरावं म्हणून दोघांच्या खाचांत मिळून पोलादाचा बोटाएवढा तुकडा बसवलेला असतो, त्याला आम्ही चावी म्हणतो. ती झिजली होती. ड्रम खडखडत होता आणि ब्रेक मारला की ट्रॅक्टर आधी गचका खाई, मग विचार करून थांबे.

पहिल्यांदा मी गेलो होतो. मापात नवी चावी करून ठोकून बसवली, ट्रॅक्टर उतारावर थांबवून दाखवला आणि ऐटीत परत आलो. पंधरा दिवसांनी बायचा फोन, पुन्हा खडखडतंय. मी तापाने पडलो होतो, म्हणून वसंता गेला. दुसऱ्या दिवशी मी विचारलं, काय केलंस? तर म्हणाला, "काय नाय रे, बसवलंय." त्यानंतर अकरा वर्षं त्या ट्रॅक्टरची एक तक्रार आली नाही. माझं काम पंधरा दिवस, त्याचं अकरा वर्षं. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की याने गिअरबॉक्स उघडून शाफ्टवर नवी खाच पाडली असणार, तीही तिथे वाडीत बसून, छिन्नी आणि कानशीने, हाताने. असलं काम करणारा माणूस आज मुंबईत सापडायचा नाही. पण पुन्हा विचारलं मात्र नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, आणि मला ऐकून घ्यावं लागलं असतं.

तो गेल्यावर तीनेक आठवड्यांनी, मे महिन्यात, फिलूबायचा वर्कशॉपवर फोन आला. वसंताच्या नंबरवर लावला तेव्हा सुनंदावहिनींकडून त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, ड्रम वाजायला लागलाय, तू येशील का? मी लगेच हो म्हणालो. ट्रॅक्टरची काळजी हे त्यातलं निम्मं कारण. उरलेलं निम्मं असं की ते काम एकदा उघडून मला बघायचं होतं. बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडताना, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन, मी एखाद्या परीक्षेचा पेपर फोडायला निघाल्यासारखा बसलो होतो.

नट सोडला, पुलर लावून ड्रम ओढून काढला आणि चिंधीने शाफ्ट पुसला. खाच जुनीच होती, चांगली फाकलेली. तिच्यात चावी, आणि चावीच्या बाजूला सैलपणा भरून काढायला काय सारलं होतं? हॅक्सॉच्या, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीच्या, पात्याचा तुकडा. दात घासून काढलेला, बस्स. असला जुगाड माझ्या वर्कशॉपमध्ये कुणी केला असता तर मी त्याला गाळ्याबाहेर काढला असता. खोटं कशाला बोलू, मला इतका आनंद झाला की मी तिथे मातीत बसूनच हसलो. अकरा वर्षं मी ज्याच्यापुढे मनातल्या मनात मान खाली घातली ते हे. आणि लगेच हात खिशातल्या फोनकडे गेला, वश्याला सांगावं, पकडलं रे तुला... ही गंमत कळणारा दुसरा माणूस मला आठवेना.

मग तो तुकडा हातात घेऊन नीट बघितला. त्याचा निळा रंग अजून कडेला शिल्लक होता. ब्रेकच्या धक्क्यात अकरा वर्षं राहिलेलं पातं असं असूच शकत नाही. फार तर वर्षभराचं. मी बायला विचारलं, हा ड्रम मध्ये कुणी उघडला होता? त्या ओट्यावर नारळ सोलत होत्या. हातातलं काम न थांबवता म्हणाल्या, "कोण उघडणार? वसंताच. दर मे महिन्यात यायचा."

पहिल्या बोटीने यायचा, तासाभरात पातं बदलून ड्रम आवळायचा आणि उरलेला दिवस तिथेच काढायचा. फणसाच्या सावलीत खाट टाकून झोपायचा, बायशी भांडत पत्ते खेळायचा, संध्याकाळी वाडीतली भाजी घेऊन परत. माझ्या डोक्यात एकदम लख्ख प्रकाश पडला. दर मे महिन्यात तो एक दिवस सुट्टी मागायचा, गावच्या मंडळाची सभा आहे म्हणून. मी मालकाच्या तोऱ्यात सुट्टी मंजूर करायचो आणि वर म्हणायचो, तुमच्या मंडळाने काय दिवे लावलेत ते तरी कळू दे. दहा वेळा तो सभेला गेला आणि दहा वेळा मी तिकडे गाळ्यात, दोन लेथांच्या आवाजात, घाम पुसत बसलो. मला एकदा तरी बोलवायचं होतंस की रे.

हे मी बहुधा मोठ्याने बोललो असणार, कारण बायने कोयता खाली ठेवला. म्हणाल्या, "मीच म्हटलेलं त्याला, श्रीधरला घेऊन ये. तर म्हणाला, नको. शिऱ्या बघेल आणि शाफ्ट उचलून अंधेरीला नेईल. त्याचं काम म्हणजे कायमचं काम. मग मी यायचं कशाला?"

पन्नास वर्षांत त्याने माझ्या कामाला चांगलं म्हटलं नव्हतं. म्हटलं ते इथे, खाडीच्या पलीकडे, या बाईला. मला तिचाही हेवा वाटला. आणि त्या निळ्या तुकड्याकडे बघून वसंताचा असा राग आला की विचारू नका. अरे, ब्रेक आहे तो! वर सत्तरी ओलांडलेली बाई बसते, समोर उतार आहे, आणि हा स्वतःला झोपायला खाट मिळावी म्हणून दर वर्षी पात्याचा तुकडा घालतो. तू एखाद्या वर्षी आला नाहीस तर, हा विचार केला होतास का? नाहीच आलास शेवटी.

शाफ्ट आणि ड्रम मी अंधेरीला आणले. शेपरवर जुन्या खाचेच्या समोरच्या अंगाला नवी खाच पाडली, ड्रमलाही तशीच पाडली, चांगल्या पोलादाची चावी केली आणि केसाएवढाही सैलपणा राहू दिला नाही. दोन दिवस दुसरं काही हातात घेतलं नाही. इतकं जपून काम मी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. काम बरोबर झालं. आणि खरं सांगतो, सुंदरही झालं. वसंताचा बाक रिकामा होता, म्हणून दाखवायला कुणी नव्हतं.

चौथ्या दिवशी गोराईला जाऊन सगळं बसवलं. बायने ट्रॉलीत नारळ भरून ट्रॅक्टर उतारावर काढला आणि मध्यावर ब्रेक दाबला. गचका नाही, आवाज नाही, जागच्या जागी उभा. त्या उतरल्या, ड्रमला हात लावून बघितला. म्हणाल्या, म्हणजे आता हे उघडायला नको? मी म्हणालो, नको, तुम्ही आहात तोवर नको आणि मी आहे तोवरही नको. त्या "बरं" म्हणाल्या आणि पदराने हात पुसत फणसाकडे वळल्या. फणसाखाली ती खाट खोडाला टेकवून ठेवलेली होती.

मी म्हणालो, तरी पुढच्या मे महिन्यात एकदा येऊन ड्रमला ग्रीस लावून जातो.

फिलूबायने माझ्याकडे बघितलं. चाळीस वर्षं तो ट्रॅक्टर चालवणारी बाई ती, ब्रेकच्या ड्रमला ग्रीस लावलं की ब्रेक लागत नाही हे तिला काय कळत नव्हतं? पण ती तसं काही बोलली नाही. म्हणाली, "ये. जेवायला काय करू?"

"वसंताला काय करायचात?"

"कैरी घालून कोळंबी."

कोळंबी मला सोसत नाही. दोन घास खाल्ले तरी अंगभर पित्त उठतं, गेली वीस वर्षं मी तिच्या वाटेला गेलेलो नाही.

"मग मलाही तेच करा," मी म्हणालो.