‘दार बंद’चा शेरा

ऑफिसात त्यांना सगळे कडीकाका म्हणत. दाराला बेल असो नसो, हा माणूस आपली कडीच वाजवायचा, तीनदा, आणि मग दोन पावलं मागे सरून उभा राहायचा. दिवाणी कोर्टाचे बेलिफ होते ते. कोर्टाचं समन्स लोकांच्या घरी नेऊन हातात द्यायचं आणि सही आणायची, हे काम एकतीस वर्षं केलेलं. कुणी हसून ‘या, बसा’ म्हणावं असला हा धंदा नव्हेच. त्यांच्या अंगावर कुत्री सोडून झाली होती, बादलीभर पाणी ओतून झालं होतं, आणि एका बाईने आधी चहा दिला नि कागद बघितल्यावर अर्धा भरलेला कप हातातून काढून घेतला होता. हे सगळं ते रंगवून सांगत. भीती कशाला म्हणतात ते आपल्याला ठाऊक नाही, असंही वर ठोकून देत.

त्यांची एक खोड मात्र ते कुणाला सांगत नसत. एखाद्या घरी ते पोचावेत आणि आत माणूस आजारी असावा, किंवा नुकतंच कुणी गेलेलं असावं, की यांचा हात पिशवीतच अडकायचा. मग ‘पत्ता चुकला वाटतं’ असं पुटपुटून ते परत फिरायचे आणि अहवालात शेरा मारायचे: दार बंद. बस्स, दोन शब्द. समन्स बजावलं गेलं नाही, म्हणून कोर्ट नवी तारीख देणार, नवं समन्स निघणार, त्यात दीड-दोन महिने जाणार. तेवढ्यात त्या घराला श्वास घ्यायला सवड मिळायची. महिन्यातून दोन-तीनदा तरी ते हे करत. खोटं होतं का? होतंच, धडधडीत खोटं होतं. पण त्यात कुणाचं काय गेलं, असं त्यांना वाटे, आणि खरं सांगायचं तर आपण फार चांगले आहोत असंही वाटे.

त्या दिवशी दुपारी ते डबा खात बसले होते. नाझरबाई, म्हणजे कोर्टातल्या सगळ्या बेलिफांच्या साहेब, हातात जाडजूड रजिस्टर घेऊन पलीकडच्या खुर्चीत टेकल्या. वयाने त्या काकांपेक्षा बारा वर्षांनी लहान. पण त्यांची सही झाल्याशिवाय काकांचा पगार निघत नसे.

“काका, एक बरं झालं बघा या नव्या नियमांनी,” त्या म्हणाल्या. “पूर्वी तुमचं एक ‘दार बंद’ आलं की दोन महिन्यांची रखडपट्टी. आता काय, चौकटीत खूण केलीत की बजावणी झाली. तीस दिवस सुरू.”

काकांचा घास तोंडातच राहिला. “कसले तीस दिवस?”

“अहो, लेखी जबाब द्यायचे! चार महिने झाले नियम बदलून. प्रशिक्षणाला होतात ना तुम्ही? सही आहे तुमची हजेरीवर.”

सही होती. सही करून काका मागच्या दाराने निघून गेले होते, कारण एकतीस वर्षं कागद वाटणाऱ्या माणसाला कागद कसा वाटायचा हे कोण शिकवणार!

“फॉर्मवर छापलंय की स्पष्ट,” बाई रजिस्टर चाळत म्हणाल्या. “दार बंद, आणि पुढे कंसात ‘प्रत दारावर डकवली’. दारावर चिकटवली की मिळाली असं धरायचं. तीस दिवसांत जबाब आला नाही तर एकतर्फी निकाल. मुदतवाढ नाही. आजारपण नाही, परगावी जाणं नाही, काही नाही.”

फॉर्म नवा आला होता हे काकांना माहीत होतं. कंसात काय छापलंय ते वाचलं होतं कुणी? जुन्या सवयीने खूण करायची आणि पिशवीतली प्रत टेबलाच्या खणात टाकायची. नवी समन्सं अजून कशी निघाली नाहीत हा प्रश्न त्यांना मध्ये एकदा पडला होता. पण कोर्टाचं काम ते, सावकाशच चालायचं, म्हणून त्यांनी तो सोडून दिला होता.

बाई उठून गेल्या. काकांनी डबा झाकला. त्यांनी खण उघडला. हाताला पहिली लागली ती शिलाईवालीची प्रत.

ती बाई त्यांना चांगली आठवत होती. तळमजल्यावरच्या दोन खोल्या, खिडकीशी शिलाईचं मशीन, आणि पलंगावर अर्धं अंग लुळं पडलेला नवरा. काका गेले तेव्हा ती त्याला चमच्याने भरवत होती. दार सताड उघडं होतं. दावा लावला होता तिच्या दिराने: खोल्या माझ्या आहेत, यांना बाहेर काढा. काकांनी तो चमचा पाहिला आणि ‘पत्ता चुकला’ म्हणून ते वळले. ‘ऊन फार आहे, भाऊ, पाणी तरी घ्या,’ असं ती पाठीमागून म्हणाली होती.

त्यांनी बोटांच्या पेरांवर दिवस मोजले. एकोणतीस. परत मोजले, या वेळी जरा हळू, म्हणजे एखादा तरी कमी भरेल. एकोणतीसच भरले. म्हणजे तिसावा दिवस उद्याचा. उद्या संध्याकाळी पाचला जबाब पडला नाही, तर ती पलंगासकट रस्त्यावर येणार, आणि का ते तिला कळणारसुद्धा नाही. हे आपण केलं. कुणी दुष्टाने नाही, आपण केलं. खणात आणखी प्रती होत्या. त्यांनी त्या पाहिल्या नाहीत, खण लोटून दिला.

ते घरी आले. बायकोने चेहरा बघूनच ओळखलं. काकांनी सगळं सांगितलं, आणि ती मटकन खाली बसली. ती काही कजाग बाई नव्हती; एकतीस वर्षं या माणसाच्या पिशव्या शिवल्या होत्या तिने.

“खोटा अहवाल दिला म्हणून नोकरी जाते ना?”

“जाते.”

“आणि पेन्शन?”

“तीही.”

“सात महिने राहिलेत हो तुमचे. सात!” ती म्हणाली. “आपल्याला तरी कोण आहे मागेपुढे? गप्प राहा. हात जोडते तुमच्यापुढे. ती काय, कुठला तरी वकील गाठेल आणि सोडवेल.”

“तिला माहीतच नाही गं. काय सोडवणार ती?”

पदराने डोळे पुसत ती स्वयंपाकघरात गेली, आणि तिथून भांडी आपटल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

सकाळी नऊला काका त्या दारासमोर उभे होते, प्रत हातात घेऊन. कडीला हात लावायचं काम नव्हतं. दार आजही उघडंच होतं. पण पाय आत पडेना. एकतीस वर्षांत त्यांनी बदमाश, दारुडे, सुरी काढणारे सगळे पाहिले होते, आणि आज एका शिलाई मशीनसमोर ते अडले होते.

“अगंबाई, पत्ता चुकलेले भाऊ!” तीच हसून म्हणाली. “आज पण चुकलात की काय?”

“ताई, तेव्हा चुकला नव्हता,” काका म्हणाले. “मी कोर्टाचा बेलिफ आहे. हे तुम्हाला त्या दिवशीच द्यायला हवं होतं.”

तिने कागद घेतला. दिराचं नाव वाचलं, तशी ती भिंतीला टेकली. मग तारीख वाचली. “हे तर महिन्यापूर्वीचं आहे.”

काकांनी सांगितलं. चमचा पाहिला ते, खूण केली ते, तीस दिवसांचं, आणि आज संध्याकाळी पाच. बोलताना त्यांची नजर तिच्या पायांवर होती. पलंगावरचा नवरा काहीतरी घशातल्या घशात बोलायला लागला.

“आणि तुमच्या मोबाइलवरही संदेश गेला असेल,” काका म्हणाले. “नव्या नियमात तसं आहे. वादी देईल त्या नंबरवर.”

“दिराने यांचा नंबर दिला असणार. यांचा फोन सहा महिने बंद पडलाय कपाटात. ते त्यालाही माहीत आहे.” मग एकाएकी तिचा तोल सुटला. “तुम्हाला कुणी सांगितलं होतं दया करायला? मी मागितली होती? कागद हातात ठेवला असता तर रडले असते, ओरडले असते, पण महिना हातात असता माझ्या! आता मी कुठे जाऊ? यांना एकटं टाकून कुठे जाऊ?”

खरंच होतं ते. “मी बसतो यांच्याजवळ,” ते म्हणाले. “कोर्टाच्या आवारात फुकट सल्ला देणाऱ्या वकीलबाई आहेत, तळमजल्यावर, तिसरी खोली. पळा.”

ती पळाली, चपलासुद्धा धड न घालता. काका पलंगाशी स्टुलावर बसले. तो माणूस त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्याला सगळं कळत होतं, फक्त बोलता येत नव्हतं. काकांनी त्याला पाणी पाजलं, तर निम्मं उशीवर सांडलं. बाहेर कुणाची पावलं वाजली की ते उठून दाराशी जायचे, जणू आत्ताच कुणी ताबा घ्यायला आलं. वकिलाने एका दिवसात जबाब लिहून दिला तर आपलं नाव यात कुठेही येणार नाही, असा हिशेब मनात चालला होता. त्याची त्यांना लाज वाटत होती, पण तो थांबत नव्हता.

साडेअकराला ती परत आली. दम लागला होता.

“खोल्यांचे मूळ कागद हवेत, ते दिराकडे. नक्कल मिळायलाच आठ दिवस. आज जबाब होत नाही म्हणाल्या.” ती थांबली. “एकच वाट आहे म्हणाल्या. बेलिफाने लिहून द्यायचं, की समन्स बजावलंच नव्हतं. मग तीस दिवस आजपासून.”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती रागावली नाही. नुसती बघत उभी राहिली, आणि ते बघणं त्यांना सोसवेना.

“देतो,” ते म्हणाले.

नाझरबाईंनी प्रतिज्ञापत्र उभ्याउभ्या वाचलं. मग उठून खोलीचं दार लावलं आणि पुन्हा वाचलं. काका टेबलाची कड धरून उभे होते.

“काका, हे काय करून बसलात तुम्ही?” बाई हळू आवाजात म्हणाल्या. “हे मला वर पाठवावं लागेल. न्यायाधीशांसमोर जाईल. समजतंय ना?”

“समजतंय, मॅडम.”

“ती वाचेल. तुमचं मी काही सांगू शकत नाही.”

“हो.”

“बसा आधी. पडाल.”

काका बसले. कुठेतरी जरा मोकळं वाटत होतं. झालं एकदाचं. ती पलंगासकट तिथेच राहणार. आता नोकरी जाईल ती जाईल, बायकोची समजूत कशी घालायची ते बघू, असा विचार करत त्यांनी डोळे मिटले.

बाईंनी मात्र रजिस्टर पुढे ओढलं होतं. पानावरून त्यांचं बोट खाली खाली चाललं होतं, मध्येच थांबत होतं, पुन्हा चालत होतं.

“काका,” त्या म्हणाल्या, “चार महिन्यांत तुमची अकरा ‘दार बंद’ आहेत.”

काकांनी डोळे उघडले.

“यातल्या सातांची मुदत संपली. दोन एकतर्फी निकाल झालेत.” त्यांनी बाजूच्या ट्रेमधून एक कागद काढला. “आणि हे ताबा वॉरंट. घर रिकामं करून घ्यायचं, परवा सकाळी दहाला. बजावायला तुमचंच नाव आहे.”

पत्ता काकांनी वाचला. एका गल्लीच्या टोकाचं घर. म्हातारा एकटाच होता, डोळ्यांवर ऑपरेशनची पट्टी बांधलेली, आणि ‘कोण आहे? कोण आहे?’ म्हणत हवेत हात फिरवत होता. त्याच्या हातात कागद देऊन करायचं काय, म्हणून ते आल्या पावली परतले होते.

“खरं सांगा मला,” बाई म्हणाल्या. “हे तरी दार बंद होतं?”

काकांनी वॉरंट परत टेबलावर ठेवलं.

“नाही, मॅडम,” ते म्हणाले. “अकराच्या अकरा दारं उघडी होती.”