आईला सांगायचं राहिलं

कुसुम गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला तेव्हा मी दहावीच्या मुलांना पेशीविभाजन शिकवत होते. शिपायाने वर्गाच्या दारातूनच निरोप सांगितला आणि तो तिथेच खाली मान घालून उभा राहिला. पालघरहून तिच्या गावी पोचेपर्यंत तिला नेलं होतं...

आम्ही दोघी बोईसरच्या शाळेत एका बाकावर बसायचो. माझे वडील कारखान्यातल्या नोकरीसाठी साताऱ्याकडून आलेले, तिचे वडील किनाऱ्यावरच्या गावातले होडीवाले. आम्ही शाळेच्या शेवटच्या वर्षात असताना तिचा थोरला भाऊ हरेश्वर गुडघा सुजला म्हणून होडीवरून उतरला. जाळं ओढताना मार बसला असेल, असंच सगळ्यांना वाटलं. त्यांची आई रोज तेल कोमट करून त्याचा गुडघा चोळायची. सूज काही उतरेना, तेव्हा मुंबईला नेलं. तिथे मांडीपासून पाय काढावा लागला, तरीही तो वाचला नाही. हाडातला कॅन्सर, सार्कोमा, तोवर फुफ्फुसांत पोचला होता.

"मीच चोळलं गो, माज्या हातानं पसरवलं," आई म्हणत राहायची. "डॉक्टर नाय बोलला, तरी मना ठाव हाय."

कुसुम सायन्सला गेली ती त्या वाक्याला उत्तर शोधायलाच, असं मला आता वाटतं. मुंबईत एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला लागली. अशाच गाठींच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली बघणं हे तिचं काम. सुट्टीत आली की सांगायची, "हाड, स्नायू, चरबी, कुठेही होतो गं हा. आता आधी औषधं देतात. अंगभर लपून बसलेल्या पेशी मरतात, गाठ आकसते, मग तेवढंच हाड काढून धातूचं बसवतात. पाय राहतो. हरीदादाच्या वेळेला हे असतं तर..." माझ्या बहिणीच्या लग्नात सालवडच्या एका कामगाराची मुलगी लंगडताना तिला दिसली. गुडघ्यावर हात ठेवताच कुसुमचा चेहरा बदलला. दुसऱ्याच दिवशी त्या मुलीला घेऊन ती मुंबईला गेली. त्या मुलीचा पाय वाचला, मुलगीही वाचली.

पुढे कुसुमच्या आईलाच स्तनाचा कॅन्सर झाला. हरेश्वरचं नाव घेत, स्वतःला दोष देत ती गेली. त्यानंतर काही वर्षांनी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, कुसुम मला घेऊन समुद्रावर गेली.

"नले, पेशीत एक पहारेकरी जनुक असतं. पेशी बिघडली की ते तिला थांबवतं, नाहीतर मरायला लावतं. काही घराण्यांत त्याची एक प्रत जन्मापासूनच खराब असते, असं आता सापडलंय. मग एकाला हाडात होतं, दुसऱ्याला छातीत. आमच्याकडे हेच असणार. चोळण्याचा काही संबंध नव्हता."

"आई असती तर किती हलकी झाली असती!" मी म्हटलं.

वाळत घातलेल्या बोंबलांकडे बघत ती म्हणाली, "हलकी? तिने लगेच विचारलं असतं, मंग कशानं झालं गो? तुझ्याकडून आलं, हे मी कुठल्या तोंडाने सांगितलं असतं?"

रक्त तपासून खात्री करण्याची सोय तेव्हा तिच्या आवाक्यात नव्हती. खात्री तिच्या स्वतःच्याच शरीराने करून दिली. गाठ पोटाच्या मागच्या बाजूला वाढली, जिथे कुणाचा हात पोचत नाही. शस्त्रक्रिया झाली, गाठ पुन्हा आली, औषधांना तिने दाद दिली नाही. "दादाला कापायला निदान पाय तरी होता," शेवटच्या भेटीत ती म्हणाली.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले होते. तिची बहीण मंजुळा आता तिथे असते. आम्ही चहा पीत होतो, तेवढ्यात मंजुळाची मुलगी शाळेतून आली. दप्तर टाकायच्या आत मंजुळाने तिला समोर बसवलं आणि घोट्यापासून मांडीपर्यंत दोन्ही पायांवरून हलक्या हाताने तळवा फिरवला.

"कुसुमनं शिकवलंय," ती मला म्हणाली. "आमी डॉक्टरकडं पन नेतो हिला, नेमानं."

मुलीला गुदगुल्या होत होत्या. "मावशी गेली, तरी तिची तपासणी काय संपत नाय!" म्हणत ती हसत सुटली.

मंजुळा हसली नाही. ती दुसरा गुडघा चाचपत होती.