अर्लच्या दुकानातलं वैशालीचं टेबल

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. बेडरूममधल्या खुर्चीवर कपडे साठतात ना, तसे ते साठतात. एक टाकला, त्यावर दुसरा, आणि एक दिवस बघावं तर खालची खुर्चीच दिसत नाही! आमच्या इथे अमेरिकेत, हर्नडनच्या चारपाच मराठी घरांत अर्लच्या फर्निचरच्या दुकानाचे असेच किस्से साठलेत. आज घड्या घालायला बसलेय. काही चुरगळलेले निघतील, सांभाळून घ्या.

०

दुकान मी शोधलं, असं मी सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे गाडी टायर बदलायला टाकली होती आणि मला बाथरूम हवी होती. टायरवाल्याची बंद. मागच्या गल्लीत एक गोडाऊन दिसलं. दारावर हाताने रंगवलेली पाटी होती : 'टेबलं, खुर्च्या. घाई असेल तर पुढे जा.'

मला तर भयंकर घाई होती!

नंतर नुसतं निघून जाणं बरं दिसेना, म्हणून म्हटलं, "जस्ट लुकिंग." मालक, म्हणजे अर्ल. सत्तरी ओलांडलेला, भुवयांवर लाकडाचा भुसा. म्हणाला, "मग बसून बघ."

बसले. जाग आली तेव्हा पाऊण तास झाला होता आणि अर्ल एका गिऱ्हाइकाला हळू आवाजात सांगत होता, "ती खुर्ची नंतर बघा. सध्या तिची टेस्ट चालू आहे!"

०

फर्निचरच्या दुकानाचं एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. तर आमचं फर्निचर कसं असतं ते ऐका. आम्ही सगळे व्हिसावर आलेलो. "दोनतीन वर्षांत परत जायचंच आहे, कशाला जड सामान?" हे वाक्य आमच्या घरांत पंधरा-पंधरा वर्षं बोललं जातं. कुणी इंडियाला निघालं किंवा घर बदललं की व्हॉट्सॲपवर फोटो टाकतं आणि त्याचा सोफा दुसऱ्याकडे जातो.

एकदा नव्या ओळखीच्या बाईंकडे हळदीकुंकवाला गेले. सोफ्यावर बसले, तर हाताशी एक डाग. मी आपलं सहज म्हटलं, "चहाचा आहे हो, निघणार नाही. मी सोडा लावून बघितलाय."

चार घरं फिरून माझाच सोफा माझ्यासमोर आला होता!

०

मग मी नवऱ्याला, संदीपला, अर्लकडे नेलं. त्याने आत शिरताच विचारलं, "फोल्डिंगचं काही आहे का?"

अर्ल म्हणाला, "कुठे निघालात?"

"कुठेच नाही."

"निघायचं कधीपासून चाललंय?"

"सतरा वर्षं."

अर्लने त्याच्यापुढे एक स्टूल सरकवलं. "बस. उभा राहून दमला असशील."

०

सासूबाई साताऱ्याहून आल्या तेव्हा त्यांनाही दुकान दाखवलं. मी पार्किंग शोधून आत येईपर्यंत दोघं समोरासमोर बसून गप्पा मारत होते. त्या मराठीत, तो इंग्रजीत. सासूबाईंनी डोळे पुसले, अर्लने नाक शिंकरलं. मी धावत भाषांतराला गेले तर मलाच दटावलं, "मेधा, तू मध्ये बोलू नकोस. आमचं चाललंय."

गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "बिचाऱ्याची बायको गेलीय गं. तिचं नाव घेतलं की त्याला अजून धड बोलता येत नाही."

मी वर्षभर त्या दुकानात जात होते. इंग्रजी येत असून मला हे ठाऊक नव्हतं.

०

वैशाली माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, मूळची नागपूरची. ती, नवरा नितीन आणि इथेच जन्मलेली बारा वर्षांची इरा. त्यांच्याकडे जेवायचं टेबल कधी नव्हतंच. जेवण सोफ्यावर, इराचा होमवर्क इस्त्रीच्या टेबलावर. एक दिवस इराने विचारलं, "पपा, आर वी स्टिल कॅम्पिंग?"

नितीन त्या दिवशी जेवलाच नाही. वैशालीने त्याच शनिवारी अर्लकडे टेबल सांगितलं. अक्रोडाच्या लाकडाचं, सहा जणांचं. अर्ल सगळं हाताने करतो. म्हणाला, "सहा महिने थांबावं लागेल."

"थांबायची सवय आहे," वैशाली म्हणाली. "ग्रीन कार्डच्या लाइनीत बारा वर्षं उभे आहोत."

"लायसन्सच्या ऑफिसात असते तसली लाइन?"

"तसलीच. फक्त तिथे बसायला खुर्च्या असतात."

०

चौथ्या महिन्यात नितीनची नोकरी गेली. व्हिसावरच्या माणसाची नोकरी गेली की हातात साठ दिवस. तेवढ्यात दुसरी शोधा, नाहीतर देश सोडा. नितीनने शोधली, रोज शोधली. पंचेचाळिसाव्या दिवशी त्यांनी तिकिटं काढली.

टेबल कॅन्सल करायला मी वैशालीबरोबर गेले. गाडीत तिने वाक्य तीनदा पाठ केलं. अर्लने आम्हाला बघितलं आणि उत्साहाने टेबलाची मोठी फळीच पुढे ओढली. "ही कड बघ. तुझ्या मुलीच्या बाजूची. ती कोपर टेकून लिहिते म्हणालीस ना? तिला रुतू नये म्हणून गोल केलीय."

वैशाली त्या कडेवरून हात फिरवत राहिली. मी लांब जाऊन एका कपाटाचं दार उगाच उघडत-मिटत बसले. तासाभराने बाहेर आलो.

"सांगितलंस?"

"नाही."

"अगं, मग इतका वेळ काय करत होतीस?"

"पॉलिश सिलेक्ट केलं."

आणि मग ती जी रडायला लागली! दोघींनाही सीटबेल्ट लावायचं सुचलं नाही. गाडी आपली टिंग टिंग करत राहिली.

०

शेवटी अर्लला मी फोनवर सांगितलं. वाईट बातमी देताना मी इतक्या वेळा "सो सॉरी" म्हणते की ऐकणाराच माझी समजूत काढतो. अर्लने नाही काढली. एवढंच विचारलं, "विमान कधी आहे?"

"पुढच्या शुक्रवारी."

गुरुवारी दुपारी ट्रक घेऊन तो वैशालीच्या दारात हजर. पॉलिश अजून पुरतं वाळलं नव्हतं. "अहो, आम्ही उद्या चाललोय," नितीन म्हणाला.

"माहितीये. आज तर आहात ना!"

मी आणि संदीप पिठलं-भाकरी घेऊन गेलो होतो. टेबल मांडलं तेव्हा लक्षात आलं, घरात एकही खुर्ची उरली नव्हती. सगळं व्हॉट्सॲपवर गेलेलं. मग आम्ही सगळे, अर्लसकट, टेबलाभोवती उभ्याने जेवलो. इरा गोल कडेवर कोपर टेकून, वाकून जेवत होती.

नितीन हात धुऊन आला आणि म्हणाला, "बुफे छान होता."

आम्ही हसलो. खूपच हसलो. वैशाली हसत हसत बाथरूममध्ये गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. तोवर संदीप आणि नितीनने टेबल परत ट्रकमध्ये चढवलं.

०

याला आता सात महिने झाले. टेबल अर्लच्या दुकानातच आहे. परवा गेले तर एक जोडपं त्याच्याच मागे लागलं होतं.

"विकलंय," अर्ल म्हणाला.

"मग घेऊन का जात नाहीत ते?"

"अडकलेत."

जोडपं गेल्यावर माझ्याकडे वळून म्हणाला, "तिच्या तिथल्या घराचं दार किती रुंद आहे?"

"दार?"

"इंचात सांग."

मी तिथूनच वैशालीला मेसेज केला. उत्तर आलं, "वेड लागलंय का त्याला? भाड्याचं घर आहे, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट."

अर्लला सांगितलं. तो म्हणाला, "मी ॲग्रीमेंट नाही विचारलं. दार विचारलं."

मी तेही जसंच्या तसं पाठवलं. मग दोन दिवस काहीच नाही. म्हटलं, दुखावली. नको तिथे नाक खुपसायची आपल्याला सवयच!

आज सकाळी भेंडी चिरताना फोन वाजला.

"साडेतेहतीस इंच. इराने दोनदा मोजलं. घर बदललं की पुन्हा कळवते, सांग त्याला."