तूच ना गं विनू?

विनीता पाध्ये आणि मी इंदूरच्या मल्हारगंजातल्या एकाच शाळेत शिकवतो. ती अकाऊंट्स, मी हिंदी. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी आहेत, त्यामुळे तिच्या घरातलं बरंचसं मला तिच्या डब्यासोबतच कळत आलं. जे झालं ते मी जवळून पाहिलं, म्हणून सांगते.

विनीता चार-पाच वर्षांची असताना तिची आई गेली. वडील मिलमध्ये क्लार्क, पाळी बदलती. तेव्हा त्यांची बहीण भानुमती पुढे आली. ती स्वतः विधवा, प्रसूतिगृहात नर्स, पदरात आशिष नावाचा मुलगा. तिने विनीताला आपल्या घरी आणलं आणि दोघांना एका ताटात वाढवलं. विनीताने लग्न केलं नाही. आशिष बेंगळुरूला नोकरीला लागला, तिकडचाच झाला. भानुमतीआत्या मल्हारगंजात भांड्यांच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहायच्या, आणि विनीता रोज शाळा सुटली की आधी तिथे जायची, मग स्वतःच्या घरी.

क्रिप्टोचं वेड विनीताला मुलांमुळे लागलं. अकरावीची मुलं बिटकॉइनबद्दल विचारायची, आणि हिला उत्तर देता येत नसे. ते तिला सहन होईना. तिने महिनोनमहिने वाचून समजून घेतलं. मग पाहिलं की गल्लीतले, ओळखीतले लोक कुणाच्या तरी सांगण्यावरून आंधळेपणाने पैसे टाकतायत, म्हणून तिने फोनवर एक ग्रुप सुरू केला. नाव ठेवलं इंदुरी बोलीतच, ‘पहले समझो भिया’. दुकानदार, रिटायर्ड लोक, दोन-तीन शिक्षक, कॉलेजची पोरं, असे बरेच जमले. मीही होते, पण मी फक्त वाचायची.

सकाळी कुणीतरी पोह्यांचा फोटो टाकणार, आणि मग प्रश्न सुरू.

“मॅडम, पूरा एक बिटकॉइन लेना पड़ता है क्या?”

विनीता लिहायची, “तुम्ही पाव किलो शेव घेता ना? का पूर्ण कढईच उचलता? तसंच. छोटासा तुकडाही मिळतो.”

राजवाड्याजवळ मोबाइलचं दुकान चालवणारा नीरज विचारायचा, “भाव रात में भी हिलता है, तो ये बाजार बंद कब होता है?” ती लिहायची, “बंद होतच नाही. म्हणून झोपायची वेळ आपणच ठरवायची.”

आत्या या ग्रुपमध्ये आल्या त्या स्वतःच्या हट्टाने. सत्तरी उलटलेली. “तू दिवसभर फोनवर कुणाला शिकवतेस, मतलब मला का नाही?” म्हणाल्या. आणि त्यांचे प्रश्न सगळ्यांत भारी असायचे. विनीताने समजावलं की ही नाणी ज्या वॉलेटमध्ये राहतात त्याची किल्ली म्हणजे बारा इंग्रजी शब्द. फोन हरवला तरी ते शब्द असले की नाणी परत मिळतात, आणि ते शब्द दुसऱ्याच्या हाती लागले की नाणी त्याची. मध्ये बँक नाही, मॅनेजर नाही. त्यावर आत्यांनी ग्रुपवर विचारलं, “मग चूक झाली तर रडायचं कुणापाशी?” दिवसभर लोक हसत होते. तेव्हापासून त्या सगळ्या ग्रुपच्या ‘आत्याजी’ झाल्या.

त्यांनी थोडे पैसे घातले, मग विनीता नको म्हणत असताना आणखी घातले. श्रीमंत व्हायची हौस नव्हती. “या वयात मला एक नवी गोष्ट समजली गं,” असं त्या मला एकदा म्हणाल्या, आणि त्यांचा चेहरा असा उजळला होता की मला माझ्याच आळसाची लाज वाटली. बारा शब्द त्यांनी कागदावर लिहिलेच नाहीत. नर्सिंगच्या दिवसांत औषधांची नावं चालीवर पाठ करायच्या, तसे ते शब्द त्यांनी ओवीच्या चालीवर बसवले आणि मेथी निवडताना गुणगुणायच्या. विनीता ओरडायची, “आत्या, मोठ्याने नको ना! खाली दुकानात माणसं असतात.”

ग्रुपवर सगळ्यांत वर एक सूचना कायम असायची. विनीताने ती स्वतः लिहिली होती. मी कुणालाही स्वतःहून खाजगी मेसेज करत नाही. बारा शब्द कुणालाही देऊ नका. मलाही नाही.

मार्चमध्ये आत्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्याच आठवड्यात विनीताला बोर्डाच्या कॉप्या, म्हणजे उत्तरपत्रिका, तपासायला जावं लागलं. तिथे आत जाताना फोन जमा करतात. तिने ग्रुपवर लिहिलं की आत्याजींचं डोळ्याचं ऑपरेशन झालंय, ठीक आहेत, मी त्यांच्याकडेच राहतेय, पण दिवसभर कॉप्या तपासायला असते, फोन बंद असेल, तुमच्या प्रश्नांची उत्तरं संध्याकाळी. लोकांनी हात जोडलेली चित्रं पाठवली.

ते वाचणाऱ्यांत एक माणूस असा होता ज्याला आम्ही कुणीच ओळखत नव्हतो.

एका संध्याकाळी विनीता परतली तेव्हा आत्या काळा चष्मा लावून पलंगावर बसल्या होत्या, खुशीत होत्या.

“पाठवले गं शब्द. पोचले ना?”

“कुठले शब्द?”

“अगं तूच ना मागितलेस? वॉलेट नवं करायचंय, आजच करायला हवं म्हणून. टाइप करता येईना, डोळ्याला पट्टी. मग बोलूनच पाठवले.”

विनीताने आत्यांचा फोन हातात घेतला. वर तिचाच फोटो, तिचंच नाव. ग्रुपवरचा फोटो उचलून कुणीतरी खातं बनवलं होतं. खाली दुपारचं बोलणं होतं. दुकानातल्या पोऱ्याला वर बोलावून आत्यांनी ते वाचून घेतलं होतं आणि स्वतः बोलून उत्तरं दिली होती. पहिलं उत्तर होतं, “तूच ना गं विनू? तुझा फोन तर बंद लागतोय.” समोरून आलं होतं, “हो आत्याजी, कॉप्या तपासतेय, लपून लिहितेय, लवकर पाठवा.” विनीता जन्मात कधी त्यांना आत्याजी म्हणाली नव्हती. अहो-जाहो तर नाहीच. पण वाचून दाखवणाऱ्या पोऱ्याला ते काय ठाऊक, आणि आत्यांना वाटलं, ग्रुपची सवय लागली असेल.

वॉलेट उघडून पाहिलं. रिकामं होतं.

“आत्या, मी लिहिलं होतं ना, मलाही देऊ नका म्हणून?”

आत्या गोंधळून म्हणाल्या, “ते लोकांसाठी होतं ना? घरच्यांना कसला नियम?”

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघींबरोबर सायबर पोलिसांत तक्रार द्यायला गेले. तिथल्या साहेबाने नीट ऐकून घेतलं, चहा मागवला, आणि खोटी आशा न दाखवता सांगितलं की नाणी चार ठिकाणांवरून फिरून देशाबाहेर गेली आहेत, तरी आम्ही प्रयत्न करू. मग पुरावा म्हणून त्याने तो आवाजाचा मेसेज लावला. आत्यांनी शब्द नुसते सांगितले नव्हते. चालीशिवाय त्यांना ते आठवतच नसत, म्हणून गाऊन पाठवले होते. त्या ऑफिसात टेबलावरच्या फोनमधून त्यांचा थरथरता, सांभाळून लावलेला सूर येत होता. एका ठिकाणी त्या अडखळल्या होत्या, आणि “थांब हं बाळा” म्हणून पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं होतं. साहेबाने खाली पाहिलं. आत्या माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या. विनीता उठून बाहेर गेली.

पैसे गेले याचं आत्यांनी फार दुःख केलं नाही. पण त्यांच्या आत काहीतरी हललं होतं. काही दिवसांनी विनीताने शाळेतून फोन केला, तर त्या म्हणाल्या, “कोण?”

“मी, विनू.”

“कशावरून? सांग बरं, गॅदरिंगला तू कोण झाली होतीस?”

“झाड.”

“कुठलं?”

“पिंपळाचं. पानं तू शिवली होतीस, हिरव्या परकराची.”

“हां. बोल मग.”

विनीताने हे मला हसत सांगितलं. पुढच्या आठवड्यात सांगताना ती हसली नाही, कारण आता दर फोनला प्रश्न असायचा. मग दारातही. ही डबा घेऊन उभी, आणि आतून आवाज, “आधी सांग, तुला कुत्रा कुठे चावला होता?” ती जिन्यात उभी राहून उत्तरं द्यायची, डबा हातात निवत असायचा.

एप्रिलमध्ये आशिष आला. त्याने आईचा फोन पाहिला, तो फोटो पाहिला. मग म्हणाला, “ताई, बुरा मत मान. पण ऑपरेशन, तुझा फोन बंद असणं, आईकडे किती आहे, हे सगळं फक्त तुलाच ठाऊक होतं ना?”

“ग्रुपवर मीच लिहिलं होतं रे, सगळ्यांना दिसत होतं.”

“हो, पण तरी. तुझा फोन बघू?”

विनीताने फोन दिला. त्याने तो घेतला, आणि सगळं खालीवर करून पाहिलं. एका ताटात जेवलेल्या भावाने. त्यात काही नव्हतंच. त्याने फोन परत ठेवला आणि आईला बेंगळुरूला नेतो म्हणाला.

विमानतळावर आत्यांना व्हीलचेअर दिली होती. विनीता पाया पडायला वाकली तेव्हा त्यांनी काळा चष्मा वर केला, तिची हनुवटी धरली आणि तिच्याकडे निरखून पाहत राहिल्या. मला वाटलं आता जवळ घेतील.

“चेहरा तर तोच आहे,” त्या म्हणाल्या. “पण फोटोतही तोच होता.”

आशिषने खुर्ची पुढे ढकलली.

ग्रुपवरही कुजबुज पोचली होती. नीरजने, ज्याला हिने सगळं शिकवलं होतं, उघड विचारलं, “मॅडम, बुरा मत मानना, पर आत्याजी की इतनी बातें बाहर वाले को कैसे पता?” विनीताने चिडून काही लिहिलं नाही. खोटी खाती कशी बनतात, नाव तेच दिसलं तरी खालचा नंबर कसा पाहायचा, हे तिने एकदा शेवटचं सविस्तर लिहिलं, पोरांना शिकवावं तसं. मग ग्रुप बंद केला. मी म्हटलं, “अगं, हे तर तुझ्यावरचा आरोप खरा मानल्यासारखं होईल.” ती म्हणाली, “होऊ दे. माझं नाव वापरून आणखी एखाद्याला लुटलं तर?”

बेंगळुरूला ती रोज फोन करायची. कधी सून उचलायची, कधी आत्या. प्रश्न असायचे, उत्तरं असायची. एकदा उत्तर बरोबर आल्यावर आत्या म्हणाल्या, “बरोबर आहे. पण हे मी इतक्या वेळा विचारलंय, तुला कुणीतरी सांगितलंही असेल.” त्यानंतर त्या फोनवर यायच्या बंद झाल्या. विनीताने दिवाळीत जायचं तिकीट काढलं होतं.

दिवाळीच्या आधीच आत्या गेल्या. ताप आला, छातीत भरलं, हॉस्पिटलात नेलं. विनीता पोचली तेव्हा अंत्यसंस्कार होऊन गेले होते. आशिषने दार उघडलं आणि तिथेच उंबऱ्यात तिचे हात धरले.

“ताई, माझं चुकलं. पोलिसांचा फोन आला होता. त्याच खात्यावरून तसंच आणखी लोकांना लुटलंय, खातं भलत्याच देशातलं होतं. मी तुला कळवायला हवं होतं. लाज वाटली.”

“तिला सांगितलंस का?” विनीताने एवढंच विचारलं.

“सांगितलं. खूप वेळा सांगितलं.”

“मग?”

आशिष रडायला लागला. “ती माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, तू तरी आशिष आहेस कशावरून?”

हे तिने मला इंदूरला परतल्यावर, वर्गावर जाता जाता सांगितलं आणि घंटा झाली म्हणून आत गेली. खिडकीतून मला दिसत होतं, ती फळ्यावर ताळेबंद काढत होती, रेषा सरळ येत होत्या.

डिसेंबरात मल्हारगंजातल्या खोल्या रिकाम्या करायच्या होत्या. मी मदतीला गेले. नर्सच्या पांढऱ्या साड्या, पितळी डबे, देवाच्या लहान मूर्ती, आशिषच्या पुस्तकांची पेटी. मला उगाच वाटत होतं की कुठेतरी दोन ओळी निघतील, विनूसाठी काहीतरी ठेवलेलं असेल. काही निघालं नाही. साड्या तिने कामवालीला दिल्या, डबे खालच्या भांडेवाल्या तुकोजींकडे. तुकोजींनी वजन न करताच ते आत ठेवले आणि आम्हाला चहा वर पाठवला.

चहा घेऊन आम्ही उघड्या फरशीवर बसलो. विनीताने कप तोंडाला लावला, खाली ठेवला, आणि मग एकदम, इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच, ती मोठ्याने रडली. मला तिला थांबवता आलं नाही, आणि थांबवावंसंही वाटलं नाही.

“मला न ओळखताच ती गेली गं, अमिता,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती.

खाली दुकानात कुणीतरी परात वाजवून पाहत होतं. बऱ्याच वेळाने तिने पदराने तोंड पुसलं, कप विसळून पालथे घातले, आणि आम्ही कुलूप लावून जिना उतरलो.