दादूकाकांना टर्बो हवा होता

दादू शिवलकरांचा उभा जन्म जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेला. त्यांनी जगातली सगळी बंदरं पाहिली असं शिरगावात बोललं जातं. पण खुद्द त्यांना विचारलंत तर सांगतील, "बंदरं वरच्या लोकांनी बघितली. आम्ही खाली पिस्टन बघितले." वर्षातले दोन-तीन महिने घरी आणि बाकी दर्यावर. इकडे त्यांच्या बायकोनं, म्हणजे सगुणाकाकींनी, घर बांधलं, विहीर खणली, पोरीचं लग्न ठरवलं. त्या लग्नाची तारीख दादूकाकांना फोनवर कळली आणि जावयाचं नाव थेट मांडवात.

त्यामुळे कायमचे घरी आले तेव्हा त्यांनी पहिलं काम केलं ते गाडी घेण्याचं. गाडी लहानशी, पांढरी. आत चार माणसं मावतात, पण त्यांचं एकमेकांवर प्रेम असलं तर. नारळ फोडून झाल्यावर दादूकाकांनी सुकाणू धरलं (स्टिअरिंगला ते सुकाणूच म्हणतात) आणि बायकोला शब्द दिला, "सगुणा, एवढी वर्षं एस्टीच्या मागं धावलीस. आता दारात बसायचं आणि दारात उतरायचं."

दारात बसायचं जमलं. उतरण्याची तेवढी भानगड झाली.

त्यांचं घर वर सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, कडेला. तिथं जायला गुरवाची घाटी चढावी लागते. ही घाटी आखणारा माणूस भलताच घाईत असावा. रस्ता त्यानं सरळ आभाळाकडे नेलाय. मध्ये एकच वळण आहे, तेही चढणाऱ्याचा उरलासुरला दम काढायला. घाटीच्या तोंडाशी आलं की दादूकाकांचा इंजिनरूममधला आवाज निघे. "एसी बंद!" एसी बंद व्हायचा. "काचा खाली! रेडिओ बंद!" रेडिओचा आणि चढणीचा संबंध काय, हे काकींना कधी कळलं नाही. शेवटी "आता बोलू नको," असा हुकूम सुटायचा आणि गाडी कण्हत निघायची. वळणाजवळ पुढची चाकं कोंबडीनं उकिरडा उकरावा तशी जागच्या जागी लाल माती उकरायला लागायची. दादूकाका मान न वळवता हळूच म्हणायचे, "सगुणा, जरा उतरतेस?"

काकी उतरायच्या. गाडी मग रडतखडत वर जायची आणि काकी मागून पदर खोचून चालत यायच्या. वळणावर राहीची चहा-वड्याची टपरी. राही म्हणजे घाटीचं आकाशवाणी केंद्रच. ती तिथूनच ओरडायची, "काय गो काकी, गाडी पुढं नि मालकीण मागं? ढकलाला माणूस पाठवू काय?"

काकींनी हे वर्षभर हसण्यावारी नेलं. मग ईशाचा साखरपुडा आला. ईशा ही त्यांची भाची आणि कार्य काकींच्याच अंगणात. मुलाकडची माणसं दोन गाड्यांतून आली. पुढं वाट दाखवायला दादूकाकांची गाडी, आत जरीच्या साडीत, मांडीवर पेढ्यांची परात घेऊन काकी. वळणावर चाकांनी माती उकरली. काकी परात घेऊन उतरल्या. मागच्या गाडीची काच खाली झाली आणि विहीणबाईंनी काळजीनं विचारलं, "काय झालं हो? बिघडली काय गाडी?"

दादूकाकांनी दिलाशाच्या सुरात सांगितलं, "नाही नाही. हे आमचं नेहमीचंच."

ते "नेहमीचंच" काकींच्या काळजात रुतलं. पाहुणे गेल्यावर त्यांनी शांतपणे जाहीर केलं, "ही गाडी मला दारात नेऊन सोडील त्या दिवशी मी तिच्यात बसेन. तवर नाय."

आणि खरंच बसल्या नाहीत. मिरकरवाड्याला मासळी आणायला रिक्षानं. रिक्षा तीन माणसं नि एक गॅसची टाकी घेऊन घाटी चढायची, हे वर. दादूकाका बिचारे आपली गाडी काढून रिक्षाच्या मागोमाग जायचे. परतताना पापलेट गाडीत आणि बायको रिक्षात. राहीनं चहाच्या गिऱ्हाइकांना सांगायला सुरुवात केली की काकांनी मासळी वाहायचा धंदा काढलाय.

ज्या बाईसाठी गाडी घेतली तीच गाडीत नाही, म्हटल्यावर दादूकाकांना घास गोड लागेना. पण माणूस इंजिनातला. दुःख झालं तरी ते हॉर्सपॉवरमध्ये मोजणार. एका सकाळी चहाचा कप ठेवून ते म्हणाले, "टर्बो बसवतो."

"काय ता?" काकींनी विचारलं.

"टर्बोचार्जर. आमच्या जहाजाच्या इंजिनाला असायचा, आपल्या न्हाणीघराएवढा. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो ना, त्याच्या जोरावर एक चक्र फिरवायचं. त्या चक्रानं बाहेरची हवा कोंबून इंजिनात घालायची. हवा जास्त, जाळ जास्त, जोर जास्त."

काकींनी विचार केला. "म्हणजे फुंकणी."

"फुंकणीच. पण फुंकणारा माणूस नको. धूरच फुंकतो."

"आपल्याच धुरानं आपल्यालाच फुंकायचं? मग चांगलं होतं तर सगळ्याच गाड्यांना का नाय लावत?"

"लावतात की हल्ली. आपल्या गाडीला जन्मतः नाही, एवढंच."

"जन्मतः नसलेली वस्तू म्हातारपणी लावायची म्हणजे कवळीच की ती," काकी म्हणाल्या आणि नारळ खवायला लागल्या. मग खवता खवताच एक पुस्ती जोडली, "लावा. पण मी दारातच उतरणार हां."

साळवी स्टॉपजवळ नितेशचं गॅरेज आहे. पोरगा हुशार, गाडीवेडा. रत्नागिरीत लोक त्याच्याकडे ऑइल बदलायला आणि ब्रेक घट्ट करायला येतात आणि त्याचं मन रोज थोडं थोडं मरतं. दादूकाकांनी "टर्बो" हा शब्द काढला तेव्हा त्याच्या हातातला पान्हा खाली पडला.

"काका, आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हे विचारलं," तो म्हणाला. दोन आठवड्यांत त्यानं कोल्हापूरहून एक जुना टर्बो पैदा केला. शंखासारखा गोल, वळलेला. समुद्रकाठच्या माणसाला तो बघताक्षणीच ओळखीचा वाटला. दादूकाकांनी आतलं चक्र बोटानं फिरवलं, कानाशी धरलं आणि "बेअरिंग चांगलं आहे" म्हणाले.

पण नितेश मनानं प्रामाणिक. त्यानं डोकं खाजवलं. "काका, एक सांगू? हा एकटा येत नाही. लग्नातल्या नवऱ्यासारखा वऱ्हाड घेऊन येतो. हवा दाबली की ती तापते, म्हणून ती थंड करायचा कूलर. जास्त हवेला जास्त पेट्रोल, म्हणून नवे इंजेक्टर. वर कॉम्प्युटरला नव्यानं शिकवणी. तुमच्या इंजिनात दाब आधीच जास्त, त्यावर हा बसला तर गॅस्केट उडेल. ते टाळायला पिस्टन बदला. मग क्लच पुरत नाही. आणि पळायला लागली की ब्रेक..."

"आणि आरटीओ?"

"त्यांच्या कागदावर जसं इंजिन, तसंच गाडीत लागतं. परवानगीशिवाय बदल केला नि उद्या काही झालं, तर विमेवाला हात वर करणार."

दादूकाकांनी हिशेब केला. गाडीतलं मूळचं शिल्लक राहत होतं ते म्हणजे काचा, सीट आणि डॅशबोर्डवरचा गणपती. तरी ते हटले नाहीत. "परवानगीसाठी खेटे घालीन मी. निवृत्त माणसाला दुसरं काय काम? तिला दारात न्यायचं म्हणजे न्यायचं."

नितेश म्हणाला, "मग आधी एक ट्रायल घेऊ. टर्बोच्या आधी चढणीवर किती जोर लागतो ते बघून ठेवतो, म्हणजे नंतरचा फरक कळेल. गाडीतलं सगळं सामान बाहेर काढा."

"सामान काहीच नाही," दादूकाका म्हणाले. आणि ते खोटं बोलत नव्हते.

नितेशनं डिकी उघडली. आत सुबक चटई अंथरलेली. चटई उचलली. खाली जांभ्या दगडाचे चार चिरे, घरच्या कुंपणाच्या गडग्यातून उरलेले, अगदी नीट ओळीनं, एकही हलू नये म्हणून काथ्यानं करकचून बांधलेले.

"काका, हे काय?"

"नीरम," दादूकाका सहज म्हणाले.

गलबत रिकामं निघालं की दर्यात डोलू नये म्हणून त्याच्या तळाशी दगड भरतात, त्याला नीरम म्हणतात. गाडी घेतली त्या पहिल्याच आठवड्यात आरे-वाऱ्याच्या समुद्रकाठच्या वळणावर वाऱ्यानं ती जराशी हलली होती. दादूकाकांना ते सहन झालं नाही. दुसऱ्याच दिवशी त्यांनी गाडीला नीरम घातलं. तेव्हापासून बाजारच्या पिशव्या मागच्या सीटवर. डिकीला हात लावायचा नाही असा घरात हुकूम.

"अवो, पण आत्ता म्हणालाव ना, सामान नाही म्हणून!"

"नीरम काय सामान असतं?" दादूकाकांना खरोखरच आश्चर्य वाटलं.

नितेशनं एक चिरा उचलायचा प्रयत्न केला आणि कमरेवर हात ठेवून सरळ उभा राहिला. "काका, हे चार मिळून दोन सगुणाकाकी होतात. एका काकीला वळणावर उतरवताव आणि दोन काकी डिकीत घालून वर नेताव! चढणीला वजन सगळं मागं, त्यात ओढणारी चाकं पुढची. ती अधांतरी झाल्यावर माती नाही उकरणार तर काय करतील?"

दादूकाकांनी वाकून काथ्याच्या गाठी सोडायला घेतल्या. जहाजावर मुख्य इंजिनियरनं ज्यांच्या शब्दाखातर इंजिन थांबवलं, ते हेच दादू शिवलकर.

चिरे उतरवले. दोघं गुरवाच्या घाटीला गेले. घाटी रिकामी, दुपारची वेळ, राहीची टपरीसुद्धा बंद. नितेश बाजूला बसला, तो तर काकींपेक्षा अंगानं दांडगा. दादूकाकांनी सवयीनं "एसी बंद!" केलं. गाडी वळणापाशी आली, जरा घोगरी झाली, आणि वळण घेऊन वर गेली. सड्यावर पोचल्यावर दादूकाकांनी इंजिन बंद केलं. नितेशचा चेहरा उतरलेला.

"टर्बोची गरज नाय," तो म्हणाला, मयताची बातमी द्यावी तसा.

"अरे, उद्या कुणीतरी येईल दुसरा," दादूकाकांनी त्याची समजूत घातली.

संध्याकाळी काकी मासळी घेऊन मिरकरवाड्याच्या नाक्यावर रिक्षाला हात करत होत्या, तोच पांढरी गाडी पुढ्यात येऊन उभी राहिली. दार आतून उघडलं गेलं.

"बस," दादूकाका म्हणाले.

"दारात?"

"दारात."

काकींनी नवऱ्याचा चेहरा नीट न्याहाळला आणि मासळीची पिशवी मांडीवर घेऊन बसल्या. घाटी आली. एसीचा हुकूम सुटला नाही. बोलू नको असंही कुणी म्हणालं नाही, तरी काकी श्वास धरून होत्या. वळण आलं तसा त्यांचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला. दादूकाकांनी तो हलकेच बाजूला केला. गाडी वळली, चढली, सड्यावर आली आणि तुळशीसमोर, अगदी दारात, उभी राहिली.

काकींनी काचेतून तुळशीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "बसवलाव म्हणायची फुंकणी."

"फुंकणी नाही. नीरम काढलं."

"म्हणजे?"

दादूकाकांनी सगळं सांगितलं. चार चिरे, काथ्या, दोन काकी, सगळं. काकी ऐकत होत्या. ओठ घट्ट मिटलेले, खांदे हळूहळू हलायला लागले, मग पोट, मग मांडीवरची पिशवी. मासळीतलं बर्फाचं पाणी साडीवर सांडलं तरी हसू थांबेना. "अवो, चिरे बसून गेले नि मी चालत!" डोळे पुसत त्या पुन्हा म्हणाल्या, "चिरे बसून!"

दादूकाका ओशाळून उतरले, पलीकडे जाऊन त्यांनी बायकोसाठी दार उघडलं. "उतर. दारात आलो ना?"

काकी जागच्या हलल्या नाहीत. पदर सारखा केला, पाठ टेकली, पिशवी पायाशी ठेवली.

"परत खाली चला," त्या म्हणाल्या. "आत्ता येताना राही मोरीकडे भांडी घासत होती. तिनं बघितलंच नाय."

दादूकाकांनी दार लावलं, फेरा घालून आपल्या जागी आले आणि गाडी वळवली.